मागाला जागा

येवल्यात आमच्या गल्लीत घर किती खोल्यांचं, असं कोणी विचारत नसे. ‘माग किती?’ असं विचारायचे. आमचे दोन. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा खणलेला, त्यात पाय सोडून अण्णा बसायचे. पायाखाली पावड्या, हातात धोटा. खड्ड्यातला ओलावा रेशमाला मानवतो, तार कमी तुटते. जाड मातीच्या भिंती आणि वर धाबं, म्हणून वैशाखातही खोली गार असायची. आई ओट्यावर धोट्यासाठी कांड्या भरत बसायची, समोरच्या ओट्यावर काकू. नवा ताणा सांधायचा दिवस असला की शेजारचे हात न बोलावता यायचे. सगळी धाबी एकमेकांना चिकटलेली. संक्रांतीचे तीन दिवस आम्ही पतंग आणि आसारी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत वरूनच पळायचो.

सगळंच गोड नव्हतं. धाबं गळायचं, शौचाला बाहेर जावं लागे, आईची कंबर पाण्याच्या हंड्यांनी गेली.

आता चुलतभाऊ नाशिकला फ्लॅटमध्ये राहतो, तिसऱ्या मजल्यावर. नळ, संडास, पक्कं छत, सगळं घरात. हे आईला मिळायला हवं होतं. पण तिसऱ्या मजल्यावर खड्डा खणता येत नाही. त्याचा माग मोडला, वहिनींच्या कांड्याही थांबल्या. पंतप्रधान आवास योजनेत शहरी गरिबाच्या घराचं माप 30 चौरस मीटर चटईक्षेत्र धरलं. त्यात झोपायची सोय होते. घरात बसून पोट भरणाऱ्याच्या कामाचं काय?

राहणाऱ्याच्या गरजेप्रमाणे घर आखणं जमतच नाही, असंही नाही. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी 1980च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत उभारली. सात-सात घरं एका अंगणाभोवती, पण कोणाची भिंत कोणाला लागून नाही, म्हणजे ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे घर वाढवावं. बांधकाम साधं, गावच्या गवंड्याला जमेल असं. पुढे तिथली बरीच घरं पाडून लोकांनी मोठी बांधली. मला तो पराभव वाटत नाही. घर वाढवता आलं, हेच त्या नकाशाचं यश.

म्हणून स्वस्त घरांचे नकाशे काढणाऱ्यांना माझी विनंती आहे. पेन्सिल उचलण्याआधी एकदा येवल्याला या, मागावर बसलेल्या माणसाशेजारी तासभर बसा. खड्डामागाला तळमजला लागतो, आणि कांड्या भरायला ओटा, एवढं तरी लिहून न्या.