अंड्याच्या वजनाने

दापोलीकडच्या आमच्या घरात केक केवढा करायचा हे कोंबड्या ठरवतात. गावठी अंडं ४० ग्रॅमच्या आसपास भरतं, तलंगेची पहिली अंडी त्याहूनही लहान. फार्मचं अंडं ५०-५५ ग्रॅमचं. पाककृतीत ‘चार अंडी’ असतात ती फार्मची. ती आमच्या अंड्यांनी करायला गेलं तर मैदा वरचढ होतो आणि केकचा पाव होतो. म्हणून मी अंडी मोजत नाही, तोलते. कवचासकट काट्यावर ठेवायची आणि जेवढं वजन भरेल तेवढं लोणी, तेवढी साखर, तेवढाच मैदा. काट्यावर १७० ग्रॅम आलं तर १७०चा केक, ३१० आलं तर ३१०चा. गावठी अंड्यात पांढरा भाग कमी आणि त्या मानाने बलक मोठा, त्यामुळे केक थोडा कमी फुगतो. पण तो दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. रंग इतका पिवळा येतो की नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, यात रंग घातलाय का? घातलेला असतो, पण कोंबडीने. दिवसभर परसात चरलेला हिरवा पाला, शेवग्याची पानं, वाळत टाकलेला मका, हे सगळं बलकात उतरतं.

अंडी ताजी असली की सगळंच चांगलं होतं, असं मात्र नाही. सकाळचं अंडं दुपारी उकडलं तर सोलताना निम्मं कवचाला चिकटून जातं. कवचाच्या बारीक छिद्रांतून कर्बवायू हळूहळू निघून जावा लागतो, मग पांढरा भाग सुटून येतो. उकडायला आठवडाभर ठेवलेली अंडी घ्यावीत, पोच करायला आजची.

घरच्यांनी हौसेने वनराजाची पिल्लं आणली. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातल्या पाळणुकीसाठी तयार केलेली ही जात. अंगाने दांडगी, अंडी मोठी, वर्षाला शंभरावर. गावठी साठ-सत्तरच्या पुढे क्वचित जाते. कागदावर वनराजा जिंकते. पण ती खुडूक होत नाही, आणि खुडूक कोंबडी नसेल तर पुढची पिढी विकतच आणावी लागते. मला विचाराल तर परसात निदान चार गावठ्या हव्यातच.

खुडूक झालेली गावठी म्हणजे घरातलं एक प्रकरण असतं. पिसं फुगवून बसते, हात नेला की टोचते, दाण्याला जेमतेम उठते. अंडी हवी असणारे तिला गार पाण्यात बुचकळून काढतात. शेजारच्या आजींना ते बघवत नाही. “बसू दे गो तिला. तुझा केक काय पळून जातोय?” डालग्यात भाताचं तूस त्याच घालतात, आठवड्याच्या आतली दहा-बारा अंडी निवडतात आणि विजांचे दिवस असतील तर कोपऱ्यात लोखंडाचा तुकडा ठेवतात. लोखंडाने काय होतं ते मला ठाऊक नाही. मी तो काढतही नाही. आठवड्याने रात्री अंडं टॉर्चवर धरलं की आत लाल शिरांचं जाळं दिसतं. ज्यात काही दिसत नाही ते बाजूला काढायचं, नाहीतर ते सडून फुटतं. एकविसाव्या दिवशी पिल्लं. मग वाळवीची सोय: मडक्यात शेण आणि पेंढा ओला करून भरायचा, मडकं बांधावर पालथं घालायचं, दोन-तीन दिवसांनी उचलून पिल्लांपुढे झटकायचं. पहिल्या आठवड्यातच मानमोडीची लस. ती चुकवली तर एका रोगात खुराडं रिकामं होतं; मुंगूस आणि घार मिळूनही एवढं नुकसान करत नाहीत.

भरपूर अंडी पडायला १४-१६ तास उजेड लागतो. कोकणात जूनमधला सर्वांत मोठा दिवसही १३ तासांच्या जेमतेम वर, त्यात ढग. पोल्ट्रीवाले दिवे लावतात, आम्ही लावत नाही. पावसाळ्यात अंडी उतरतात. त्यात श्रावण आला की जी पडतात तीही कुणी खात नाही. आमची भट्टी त्या महिन्यात धोंडसावर चालते. मोठं तवसं किसायचं, तुपात भाजलेला तांदळाचा रवा त्याच्याच पाण्यात शिजवायचा, गूळ, खोबरं, वेलची. जाड बुडाचं पातेलं, खाली मंद विस्तव, झाकणावर करवंटीचे निखारे. ओव्हनमध्येही होतं, पण श्रावणात आमच्याकडे वीज असेलच असं नाही, आणि वरून निखाऱ्याने येणारी कड ओव्हनला जमत नाही. ‘एगलेस’ मागणाऱ्यांना मी हेच देते. कंडेन्स्ड मिल्क आणि व्हिनेगर घालून अंड्याची नक्कल करण्यापेक्षा ज्यात अंडं कधी नव्हतंच ते करावं.

निखाऱ्यांची राख थंड झाली की खुराड्यामागे जाते. कोंबड्या तीत लोळतात, उवा-गोचिडांचा त्रास कमी होतो. केकसाठी फोडलेल्या अंड्यांची कवचं ओव्हनच्या उरलेल्या उष्णतेत ठेवते आणि कुटून दाण्यात घालते. अगदी बारीक कुटायची. कवच ओळखू आलं तर कोंबडी स्वतःची अंडी फोडायला शिकते आणि ती खोड सुटत नाही.

हिशेबाने हे स्वस्त पडत नाही. बसलेली कोंबडी तीन आठवडे अंडं देत नाही, पुढे पिल्लांमागे दीड-दोन महिने. कणी मात्र चालूच. मे महिन्यात चाकरमानी येतात, केक हवे असतात, आणि नेमक्या तेव्हाच उन्हाने कोंबड्या चोची उघड्या टाकून सावलीत बसलेल्या असतात. तारीख मी कुणालाच देत नाही. अंडी जमली की फोन करते. मुंबईच्या लोकांना हे चमत्कारिक वाटतं. पण वाढदिवस चार दिवस पुढे ढकलणारी एक-दोन घरं आता वाडीत झाली आहेत.