टॅटूची जखम आणि घरातलं वैयावृत्त्य



टॅटू काढावा की काढू नये यावर आपल्या मंडळात पुष्कळ बोलून झालंय. आजचा विषय त्याच्या पुढचा आहे. मुलीने, सुनेने किंवा नातीने टॅटू काढलाच आहे, हातावर ओली जखम आहे आणि ती आपल्या घरात आहे. आता काय करायचं?

माझी नात पुण्यात शिकते. दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा मनगटाच्या वर टॅटू काढून तीन दिवस झाले होते. आई-बाबा रागावतील म्हणून तिने पूर्ण बाह्यांचा सिंथेटिक कुर्ता घातला होता. दिवसभर घाम, त्यावर घट्ट बाही, आणि धुणं नाही, कारण धुवायचं म्हणजे बाही वर करायला हवी. रात्री पांघरूण घालायला गेले तेव्हा बाही जखमेला चिकटलेली दिसली. बाही पाण्याने भिजवून हळूच सोडवली, तेव्हा हात लाल आणि गरम लागत होता. सकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. वेळेत आलात म्हणाले. चार दिवसांत हात उतरला.

तेव्हापासून मला वाटतं, टॅटूची जखम शाईने चिघळत नाही तेवढी लपवल्याने चिघळते. आणि मुलगी लपवते ती आपल्या बोलण्याच्या भीतीने. म्हणून राग असला तरी पहिला प्रश्न "का केलंस?" हा नको, "धुतलंस का?" हा असावा.

गोंदण आपल्याला नवीन नाही. माझ्या आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर हिरवट ठिपके होते. मेल्यावर सगळे दागिने काढून घेतात, एवढाच बरोबर येतो, असं त्या काळच्या बायका म्हणत. आजचा टॅटू यंत्राने काढतात, पण काम तेच. सुई वरची कातडी ओलांडून खालच्या थरात शाई सोडते. म्हणजे तळहाताएवढा टॅटू ही तळहाताएवढी खरचटलेली जखम असते. वरची कातडी भरायला दोन ते तीन आठवडे लागतात, आतला थर पूर्ण बरा व्हायला काही महिने.

पहिले दोन-तीन दिवस पाण्यासारखा स्राव येतो, त्यात शाईही उतरते. चादर जुनी, मऊ, सुती घाला. टॅटूवाल्याने पट्टी लावली असेल तर ती त्याने सांगितलेल्या वेळीच काढायची. मग दिवसातून दोन-तीनदा धुणं. आधी स्वतःचे हात साबणाने धुवा. जखमेवर कोमट पाणी आणि सौम्य, बिनवासाचा साबण, तोही बोटांनीच, घासणी किंवा पंचा नको. नंतर स्वच्छ कापडाने टिपून घ्या, पुसू नका. त्यावर बिनवासाच्या साध्या मॉइश्चरायझरचा पातळ हात. थर जाड झाला तर जखम ओलीच राहते.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून खपली धरते, पापुद्रे सुटतात आणि खाज सुटते. खाजवायचं नाही, खपली ओढायची नाही. ती ओढली की शाईही निघते आणि व्रण राहतो. बांगड्या आणि घड्याळ त्या हातातून काढून ठेवा. पोहणं आणि टबात बसणं जखम भरेपर्यंत बंद. उन्हात जाताना सैल सुती कापडाने हात झाका. सनस्क्रीन लावायची ती कातडी भरल्यावरच.

आता आपल्या घरातल्या हौसेच्या औषधांबद्दल. हळद, खोबरेल, तूप, कोरफडीचा गर यांतलं काहीही ओल्या टॅटूवर नको. मध तर आपल्यात वर्ज्यच आहे. आणि एक नाजूक गोष्ट. पुष्कळ जणी श्रद्धेने गंधोदक लावायला सांगतात आणि मैनासुंदरीचं उदाहरण देतात. गंधोदक मी रोज कपाळाला लावते. पण पंचामृताच्या अभिषेकाच्या गंधोदकात दूध, दही, तूप असतं, आणि वाटीत अनेकांची बोटं बुडालेली असतात. उघड्या जखमेत ते जाऊ नये. ते कपाळाला लावा, जखमेला उकळून थंड केलेलं पाणी. मैनासुंदरीच्या कथेतून मला भावते ती तिची सेवा. कुष्ठाने गळणाऱ्या श्रीपालापासून ती दूर झाली नाही.

वाहती जखम असेपर्यंत अभिषेकाला बसू नये आणि मुनींना आहार देऊ नये, हे आपण पाळतोच. तेवढे दिवस मुलीने लांबून दर्शन घ्यावं, जाप करावा. "आता तुला देवळाचं दार बंद" असं मात्र कुणी बोलू नये.

माझ्या नातीने काढलाय तो आपल्या प्रतीकातला हात, चक्र आणि मध्ये "अहिंसा". १९७४-७५ मध्ये भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवात हे प्रतीक सगळ्या संप्रदायांनी स्वीकारलं, तेव्हा मी शाळेत होते. तिला मी एवढंच विचारलं, "शाई कशाची होती?" तिला माहीत नव्हतं. काही काळ्या शायांत हाडांचा कोळसा असतो, काहींत जिलेटिन किंवा लाख. मलमांतही पाहावं लागतं. लॅनोलिन हे मेंढीच्या लोकरीतलं मेण, बीजवॅक्स हे मधमाशीचं. ग्लिसरीन वनस्पतीचं असतं तसं प्राण्यांच्या चरबीचंही. त्या दिवशी आम्ही दोघी चष्मे लावून ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचत बसलो, आणि तिने स्वतःच पहिलं मलम बाजूला ठेवलं. उपदेशाने हे झालं नसतं.

घाबरायचं कधी? लाली दिवसेंदिवस कमी व्हायला हवी. ती पसरत असेल, हात गरम आणि जास्त दुखरा होत असेल, पू आला, ताप आला किंवा लाल रेघ वर चढताना दिसली, तर घरचे उपाय थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मी पेनने लालीच्या कडेवर रेघ मारली होती आणि वहीत तारीख-वेळ लिहिली होती. लाली रेघेच्या बाहेर गेली का, हे डोळ्यांना कळतं, अंदाज करावा लागत नाही. मधुमेह असेल तर वाटच पाहू नका.

औषध तीन वेळा घ्यायचं असेल आणि मुलीचा रात्रिभोजन-त्याग असेल, तर वेळा डॉक्टरांकडूनच बसवून घ्या. आपल्या मनाने डोस गाळू नका. कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं असतं, म्हणून गोळी मिळेल का तेही विचारा. आणखी एक. टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही. महावीर जयंतीच्या शिबिरात तिचं नाव घालण्याआधी हे लक्षात ठेवा.

"काढून टाक तो" असं लगेच म्हणण्यात अर्थ नाही. ओल्या जखमेवर लेसर चालत नाही, आणि नंतरही त्याला बऱ्याच फेऱ्या आणि बराच खर्च लागतो. णमोकार मंत्र अंगावर असावा का, स्नानगृहात, झोपेत तो बरोबर न्यावा का, हे जरूर बोला. मलाही ते पटत नाही. पण बोला जखम भरल्यावर, आणि घरात. नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकून नको. दुसऱ्याचा दोष झाकणं हे उपगूहन, सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांतलं एक.

त्याच आठांत निर्विचिकित्सा आहे, किळस न करणं. उद्दायन राजाची कथा आपण पाठशाळेत ऐकली आहे. अंगावर ओकारी झाली तरी त्याने मुनींची सेवा सोडली नाही. आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही. नळाखाली एक हात धरायचा आहे, दिवसातून तीनदा, दोन आठवडे. मनातून पटलेलं नसतानाही धरायचा आहे. वैयावृत्त्याला अंतरंग तप म्हणतात, ते मला त्या मोरीपाशी उभं राहिल्यावर जरा जास्त कळलं.