कोआलाला कडेवर नको, प्लीज!

ब्रिस्बेनला ताईकडे पोचल्या पोचल्या भाचीची ऑर्डर आली, 'मावशी, कोआलाला कडेवर घेऊन फोटो!' पण तिथल्या लोन पाइन सँक्च्युरीने २०२४ मध्ये ही सोय बंद केलीय. १९२७ पासूनची जागा, पिढ्यान् पिढ्या लोकांनी तिथे पोझ दिलेली. आता नुसतं जवळून बघायचं. भाची जाम रुसली. मला मात्र निर्णय पटला. निलगिरीच्या पानांतून एनर्जी मिळते बेताची, म्हणून हा बाबा दिवसाचे १८ ते २० तास झोपतो. अशाला फोटोसाठी हातोहात फिरवायचं? (आणि हो, 'कोआला बेअर' म्हणू नका. तो अस्वल नाही, कांगारूसारखा पिल्लाला पिशवीत वाढवणारा प्राणी आहे.)

रुसवा गेला तो पोर्ट मॅक्वारीत. तिथे १९७३ पासून चक्क कोआलांचं हॉस्पिटल आहे. गाडीने उडवलेले, कुत्रा चावलेले, क्लॅमिडियाने डोळे बिघडलेले पेशंट. पोरगी एकदम गप्प! २०२२ मध्ये क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्समधला कोआला 'एन्डेंजर्ड' का ठरला, हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही. इथे पैसे भरून कोआला 'दत्तक' घेता येतो. तो राहतो झाडावरच, आपल्याला मिळतं सर्टिफिकेट. सॉफ्ट टॉयपेक्षा हे कधीही बेस्ट.

परतताना रस्त्यावर कोआलाची पिवळी पाटी दिसली रे दिसली, की मागच्या सीटवरून हुकूम सुटायचा, 'बाबा, स्लो!' भावोजींचा पाय मुकाट्याने ब्रेकवर. घरच्या कुत्र्यालाही आता रात्री अंगणात नो एन्ट्री.