वारशात आलेले विस्मरण

वारशाने घर, जमीन आणि पेढी येते, तसे कर्जही येते. पुष्कळदा धनको दारात उभा राहीपर्यंत वारसांना त्याची कल्पनाही नसते. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या अँटिओकिया प्रांतात काही कुटुंबांच्या वाट्याला पिढ्यान्पिढ्या असेच एक कर्ज येत राहिले. ते पैशाचे नव्हते, विस्मरणाचे होते.

मेडेलिन शहरापलीकडच्या डोंगराळ गावांत चाळिशी ओलांडलेली धडधाकट माणसे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागत, पायाखालची वाट चुकत आणि पुढे पोटच्या मुलांनाही ओळखेनाशी होत. लोक या व्याधीला ‘ला बोबेरा’, म्हणजे खुळेपणा, म्हणत. कुणी तिला शाप मानी. डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी १९८० च्या दशकात या घरांचे उंबरठे झिजवले, चर्चमधील जुन्या नोंदवह्या तपासल्या आणि वंशावळी जुळवल्या. अखेर १९९५ साली दोष सापडला. तो प्रेसेनिलिन-१ या जनुकातील एका बदलाचा होता. आई किंवा वडील यांपैकी एकाकडे तो असेल, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. ज्याला तो मिळतो, त्याची स्मृती साधारणतः ४४ व्या वर्षी ढळू लागते.

पूर्वी या आजाराचा भक्कम पुरावा मृत्यूनंतर मेंदूची तपासणी केल्यावरच हाती येई. २००४ साली पिट्सबर्गचे विल्यम क्लंक व चेस्टर मॅथिस आणि त्यांचे सहकारी यांनी एका विशेष द्रव्याच्या साहाय्याने जिवंत माणसाच्या मेंदूतील अमायलॉइड प्रथिनाचे थर पेट स्कॅनवर दाखवून दिले. अँटिओकियातील कुटुंबांवर अशाच तपासण्या झाल्या, तेव्हा दोष असणाऱ्यांच्या मेंदूत हे थर वयाच्या २८ व्या वर्षाच्या सुमारास साचू लागतात, असे आढळले. म्हणजे माणूस संसार मांडतो, मुले अंगाखांद्यावर खेळवतो, व्यवहारात एका पैशाचीही चूक करत नाही, आणि आत मात्र खाते सोळा वर्षे आधीच तुटीत जाऊ लागलेले असते.

मग हे चित्र म्हणजे विधिलिखित का? त्याच कुटुंबातील एका स्त्रीने या प्रश्नाला अनपेक्षित उत्तर दिले. तिच्यात तो दोष होता आणि मेंदूत अमायलॉइडचा मोठा साठाही होता. तरी सत्तरीपर्यंत तिची स्मृती शाबूत राहिली. टाऊ हे दुसरे घातक प्रथिन तिच्या मेंदूत फारच थोडे पसरले होते. तिच्या एपीओई जनुकातील एका दुर्मीळ बदलाने तिचे रक्षण केले असावे, असा निष्कर्ष संशोधकांनी २०१९ साली मांडला. एकच स्कॅन पाहिला असता, तर तिच्याविषयीचा अंदाज साफ चुकला असता.

खरा पेच मात्र यंत्राच्या पलीकडचा आहे. हे आधी कळून करायचे काय? २०१३ साली तेथे एका औषधाची चाचणी सुरू झाली. तीत २५२ जण सहभागी झाले. दोष नसलेल्यांनाही मुद्दाम सामील करून घेतले, जेणेकरून केवळ सहभागावरून कुणाचे गुपित उघड होऊ नये. २०२२ साली निकाल आला. औषधाने ठोस लाभ दिसला नाही. तरीही या कुटुंबांनी संशोधनाकडे पाठ फिरवली नाही. अनेकांनी मृत्यूनंतर आप्तांचे मेंदूही अभ्यासासाठी दिले.

उपाय हाती नसताना कळलेले सत्य एखाद्याला सावध करते, तर एखाद्याला वीस वर्षे आधीच मारून टाकते. लग्न, मुले, धंद्यातील भागीदारी यांचे निर्णय त्यावर अवलंबून असू शकतात. म्हणून जाणून घेण्याइतकाच न जाणण्याचाही हक्क त्या व्यक्तीचाच असला पाहिजे. तो घरच्या वडीलधाऱ्यांचा नाही आणि सोयरिकीस आलेल्यांचा तर नाहीच.

अशा प्रकारे थेट वारशाने येणारा आजार अल्झायमरच्या सुमारे एक टक्का रुग्णांतच, किंबहुना त्याहूनही कमी रुग्णांत, आढळतो. त्यामुळे ऐंशीच्या आजोबांना नातवाचे नाव आठवले नाही, म्हणून घराण्याच्या रक्ताला दोष देण्याचे कारण नाही. त्यांना डॉक्टरांकडे न्यावे, आणि तोच प्रश्न त्यांनी दहाव्यांदा विचारला, तरी पहिल्यांदाच विचारल्यासारखे शांतपणे उत्तर द्यावे.