पडदा बघून घ्या

ह्यांना मधुमेह आहे, म्हणून डोळ्यांचा पडदा तपासायला आम्ही दरवर्षी मिरजेला जातो. सोबत कुणीतरी आणा, असं दवाखान्यातून फोनवरच बजावतात. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की पुढचे काही तास सगळं धूसर दिसतं, गाडी चालवता येत नाही. जाताना स्कूटर हे चालवतात, येताना मी.

"मला स्वच्छ दिसतंय, रोज पेपर वाचतो, मग पडदा कशाला बघायचा?" हे ह्यांचं निघतानाचं ठरलेलं वाक्य. यंदा तक्त्यावरची शेवटची ओळही त्यांनी चष्मा लावून धडाधड वाचली.

मग थेंब. "काका, डोळे मिटून बसा, चोळू नका," नर्स म्हणाली. थेंब जरा झोंबतात. थोड्या वेळानं ती टॉर्च मारून बघते. मधुमेह जुना असला की बाहुली लवकर मोठी होत नाही, ह्यांना पुन्हा थेंब घालावे लागले. बाकावर ओळीनं डोळे मिटून बसलेली माणसं आणि शेजारी त्यांच्या फायली, चष्मे, पिशव्या सांभाळत आम्ही सोबतीची मंडळी. पेपरशिवाय ह्यांचा दिवस जात नाही, म्हणून मी हळू आवाजात मथळे वाचून दाखवत होते. मध्येच मला थांबवून हे म्हणाले, "अगं, काही निघालं तर?"

ही भीती त्यांनी घरी कधी बोलून दाखवली नव्हती. मिटलेल्या डोळ्यांनीच त्यांनी माझा हात चाचपला. "निघालं तर वेळेवर कळेल," मी म्हटलं. तेवढ्यासाठी तरी सोबत जावं, असं मला तेव्हा फार वाटलं.

डॉक्टरांनी पडद्याचा फोटो स्क्रीनवर दाखवला. केशरी गोल, एका बाजूला नसेचा फिकट पिवळा ठिपका आणि तिथून नदीच्या उपनद्यांसारख्या पसरलेल्या रक्तवाहिन्या. साखर वाढलेली राहिली की या वाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात, त्यांना बारीक फुगे येतात, पुढे त्या पाझरू लागतात. ज्या मधल्या भागानं आपण वाचतो, तिथवर हे पोहोचेपर्यंत बहुतेकांना काहीच जाणवत नाही. तक्ता घडाघडा वाचणाऱ्याच्या पडद्यावरही आजार असू शकतो, तो असा.

ह्यांच्या डाव्या डोळ्यात कडेला दोन लाल ठिपके निघाले. लेसर नको, इंजेक्शन नको. साखर आणि बीपी ताब्यात ठेवा आणि सहा महिन्यांनी दाखवा, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर उन्हात ह्यांना डोळे उघडवेनात. काळा गॉगल लावून, माझा खांदा धरून ते मागे बसले आणि घरी पोचेपर्यंत एकदाही "हळू चालव" म्हणाले नाहीत.

आमच्या ओळखीतले कितीतरी जण चष्म्याच्या दुकानात नंबर काढून येतात आणि डोळे तपासले म्हणतात; पडदा मात्र बघितलेलाच नसतो. टाइप २ मधुमेहात तर निदान झाल्या झाल्याच पडदा बघून घ्यायचा असतो, कारण साखर कळायच्या आधी कित्येक वर्षं ती वाढलेली असू शकते. त्यानंतर डॉक्टर वेगळं सांगत नाहीत तोवर दरवर्षी. तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल आणि गेल्या वर्षभरात पडदा तपासला नसेल, तर याच आठवड्यात तारीख घ्या. आणि त्यांना एकटं पाठवू नका.