हशातला वाटा

दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांविषयी लिहिण्याचा आम्हांस अधिकार काय, असे कोणी विचारल्यास आम्ही वाद घालणार नाही. नेमाने पाहणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. रात्रीचे जेवण आणि उद्याच्या तारखेची कागदपत्रे यांच्यामधल्या अर्ध्यापाऊण तासात समोर जे लागलेले असेल ते पाहतो. तरीही भाषेच्या प्रश्नाशी ज्याचा संबंध आहे त्याने या कार्यक्रमांकडे काणाडोळा करू नये, असे आमचे मत आहे. गंभीर कौटुंबिक मालिकांतील सासवासुना कोणत्याही गावच्या असोत, बहुधा एकाच घोटीव मराठीत भांडतात. विनोदाला ते परवडत नाही. त्याला माणसाची खरी बोली लागते. म्हणून मराठी समाज आपल्या कोणत्या बोलीकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे जाणून घ्यायचे तर विनोदासारखा साक्षीदार नाही.

सीमाभागात या साक्षीला अधिक वजन आहे. आमच्याकडील अनेक घरांतील मुले आज कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. घराबाहेरची मराठी त्यांच्या कानावर पडते ती मुख्यतः या पडद्यावरून. तो पडदा कोणत्या मराठीला हसतो, हे ती मुले आमच्या भाषणांपेक्षा लवकर शिकतात.

हसण्याचे दोन प्रकार आहेत. बोलणाऱ्याच्या सोबत हसणे हा एक आणि बोलणाऱ्याला हसणे हा दुसरा. चिंतामण विनायक जोशी यांचे चिमणराव पहिल्या प्रकारातले. जोशी बडोद्यास पाली भाषेचे अध्यापन करीत. मराठी विनोदातील हे अस्सल मध्यमवर्गीय कुटुंब महाराष्ट्राच्या आजच्या सीमेबाहेर राहणाऱ्या लेखकाच्या हातून जन्मले, हे आपण सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनने चिमणरावांना पडद्यावर आणले. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. याच प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वरून २००१ मध्ये ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका आली. तीत आजोबांची मराठी वेगळी, मुलगा-सुनेची वेगळी, नातवंडांची आणखी वेगळी. तिन्ही पिढ्या एकमेकांच्या बोलण्यावर हसतात, परंतु कोणाचीही भाषा खालची ठरत नाही. घरातले हसणे असेच असते.

शेजारच्या हिंदीतील एक उदाहरणही घेऊ. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ मालिकेतील माया ही उच्चभ्रू सासू सुनेची भाषा, आवडीनिवडी, काटकसर सारे काही पदोपदी सुधारीत असते. वरवर पाहता थट्टा सुनेची आहे. प्रत्यक्षात हसू येते ते सुधारणाऱ्या सासूचे. भाषेची मिजास हाच तिथे विनोदाचा विषय आहे. मराठी प्रहसनांत शुद्धतेच्या मिजाशीवर इतक्या मोकळेपणाने हसलेले आम्हांस क्वचितच आढळते.

मराठीत बोलींची कोंडी फुटली नाही असे मात्र नाही. २०१७ मध्ये ‘गाव गाता गजाली’ आली, तेव्हा अख्खे गाव मालवणीत बोलू लागले. सारेच एका बोलीचे, तेव्हा त्या बोलीलाच विचित्र समजून हसायला तिथे कोणी शिल्लक उरले नाही. हसू उरले ते माणसाच्या हावेचे, बढाईचे आणि चहाडीचे. ‘गजाल’ हा शब्द गोव्यातही नांदतो. तिथल्या प्रेक्षकाला तो समजावून सांगावा लागला नाही. भारत गणेशपुरे यांच्या वऱ्हाडीचेही तसेच. त्यांचा वऱ्हाडी माणूस पुण्यामुंबईच्या माणसाला कोड्यात टाकतो, स्वतः कोड्यात पडत नाही.

सध्याच्या कार्यक्रमांविषयी आमचे मत संमिश्र आहे. ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ मध्ये सुरू झाला, २०२४ मध्ये थांबला आणि २०२५ मध्ये नव्या रूपात परतला. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८ पासून सुरू आहे. खेड्यापाड्यांतून आलेल्या गुणी कलावंतांना अशा कार्यक्रमांनी घरोघरी पोहोचवले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण प्रहसनांच्या या साऱ्या प्रकारात काही सवयी जडल्या आहेत. पुरुषाने लुगडे नेसले की हशा, कोणाच्या रंगावर वा जाडीवर बोट ठेवले की हशा. आणि दक्षिणेकडचा माणूस आला की ‘यंडुगुंडू’ छापाचे काहीतरी तोंडात घालून हशा. पहिल्या दोहोंचा आम्हांस कंटाळा येतो. तिसऱ्याने वाईट वाटते.

याचे कारण असे की, त्या ‘यंडुगुंडू’ माणसात आणि आमच्यात अंतर फार थोडे आहे. आमच्या मराठीचा हेल कानडीला लागून चालतो. अण्णा, अक्का, अप्पा ही नाती तर पुण्यातही कानडीतूनच आली. ज्या भाषेच्या आवाजावर आपण हसतो, तिच्याच शब्दाने थोरल्या भावाला हाक मारतो. आमचा झगडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी आखल्या गेलेल्या सीमेशी आहे, शेजारणीच्या भाषेशी नाही. हा भेद आम्ही सभांतून घसा कोरडा करून सांगतो, आणि एखादे प्रहसन तो पाच मिनिटांत पुसून टाकते.

आमची पुतणी पुण्यास शिकते. आमच्या भागात, कोल्हापूरकडेही, मुली ‘मी जातो’, ‘मी येतो’ असेच म्हणतात. वसतिगृहात मैत्रिणींनी पहिल्याच आठवड्यात विचारले, “तू मुलगा आहेस का?” त्यात दुष्टावा नव्हता. तरी आता ती फोनवर मैत्रिणींशी ‘येते’ म्हणते आणि फोन ठेवून आईला सांगते, “जरा बाहेर जाऊन येतो गं.” दोन मराठी तिला सहज येतात, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु पहिली बोलताना ती आवाज चढवते आणि दुसरी बोलताना दार ओढून घेते, हे आमच्या नजरेतून सुटत नाही.

न्यायालयात आम्ही हेच निराळ्या रीतीने पाहतो. साक्षीदार मराठीत बोलतो, कागदावर कन्नड किंवा इंग्रजी उतरते. मजकूर येतो, त्याने मारलेला टोला, घेतलेला चिमटा येत नाही. भाषांतरात पहिला बळी विनोदाचा जातो. म्हणून ज्या समाजाचा विनोद नोंदला जात नाही, त्याची साक्ष अर्धीच नोंदली गेली असे आम्ही मानतो.

आमच्या बोलीचा विनोद नोंदला गेल्याचा थोर दाखला आहे. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवीत होते. ‘गणगोत’मधील त्यांचे ‘रावसाहेब’ बेळगावचे. कानडी वळणाची मराठी, लिंगांची उलटापालट, बोलण्यात शिव्यांची पेरणी, सारे तिथे आहे. वाचक पोट धरून हसतो. पण तो हसतो रावसाहेबांच्या सोबत, आणि अखेरीस त्याचे डोळे ओले होतात. त्या मराठीत एक शब्द जरी ‘शुद्ध’ केला असता तरी तो माणूस मेला असता.

मालिका लिहिणाऱ्यांकडे आमचे मागणे एवढेच आहे. सीमाप्रश्नावर करुण भाग लिहू नका. तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याची काळजी वकील वाहतील. त्याऐवजी शहापुरातले किंवा खानापुरातले एक घर घ्या. त्यात कानडीत रागावणारी आणि मराठीत लाड करणारी आजी असू द्या, भिंतीपलीकडे मराठीत उसने मागणारी कन्नड अक्का असू द्या, ‘मी जातो’ म्हणणारी मुलगी असू द्या. त्यांच्या खोड्या काढा, त्यांचा कंजूषपणा दाखवा, आमच्या चळवळीच्या लांबलचक भाषणांचीही यथेच्छ टर उडवा. आम्ही सर्वांत पुढे बसून हसू.