संवेदनशील क्षेत्र

साठी उलटली तशी डॉक्टरांनी माझ्या हृदयाचा आलेख पाहिला आणि गोळ्यांबरोबर सायकलही लिहून दिली. आमच्या नेरळात सायकल चालवायची म्हणजे पुढे टेंपो, मागे रिक्षा आणि मध्ये देवाचे नाव!

"अहो, वर माथेरानला मोटारींना बंदी आहे ना? मग तिथेच जा की," सौ.ने तोडगा काढला. खरेच होते. २००३ साली सरकारने माथेरान 'पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र' म्हणून जाहीर केले. माझे हृदय तरी दुसरे काय होते?

पण बिनमोटारीच्या रस्त्याला लागायचे तर आधी मोटारींचाच घाट चढावा लागतो. पहिल्या वळणापर्यंत मी सायकलवर होतो. पुढे सायकल माझ्यावर होती. एका टॅक्सीवाल्याने मान बाहेर काढून विचारले, "काका, विकायचीय का?"

दस्तुरीला मोटारी थांबल्या. सायकलची दमणूक मला बघवेना, म्हणून तिला तिथेच टेकवून तांबड्या मातीतून पायी निघालो. हॉर्न नाही, धूर नाही. एवढ्यात धडधड ऐकू आली. मागून घोडा आला असेल म्हणून बाजूला झालो. घोडा नव्हताच. ते माझेच हृदय होते. इतक्या वर्षांत गलक्यामुळे कधी ऐकूच आले नव्हते. म्हटले, "चालू आहेस ना बाबा? मग चल!"

घरी सौ.ला सांगितले, "सगळा घाट सायकलने केला."

उतरणीपुरते ते खरेच होते.